भयाचे मोल

दिवाळीच्या आधी दोन-तीन आठवडे शहरातल्या कुरिअरच्या दुकानांत एक ठरावीक दृश्य दिसते. चकल्या, अनारसे, चिवडा यांचे डबे पिशव्यांत घेऊन साठीच्या पुढची माणसे रांगेत उभी असतात. डबे जायचे असतात न्यू जर्सीला, मेलबर्नला, म्युनिकला. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "आजी, पार्सलचा विमा करायचा का?" आजी क्षणभरही विचार करीत नाहीत. इतक्या दिवसांची मेहनत, वाटेत डबा हरवला तर? दोन पैसे जास्त गेले तर गेले. त्याच आजी पुढच्या उन्हाळ्यात स्वतः न्यू जर्सीला निघतात, मुलगा फोनवर विम्याचा विषय काढतो, आणि आजी म्हणतात, "मला मेलीला काय होतंय? उगाच पैसे कशाला घालवतोस?"

या टाळाटाळीत नुसता काटकसरीचा भाग असता तर दिवाळी अंकाची पाने त्यावर खर्च करण्याचे कारण नव्हते. चकल्यांचा चुरा होऊ शकतो हे आपण सहज कबूल करतो. आपल्याविषयी तसेच काही कबूल करायचे म्हटले की जीभ अडखळते. त्या अडखळण्यात मला पुष्कळ काही दिसते. थोडे भय आहे, थोडा अभिमान आहे, मुलांविषयीची माया आहे, आणि एक असत्यही आहे. हे असत्य आपण इतक्या सवयीने बोलतो की ते असत्य आहे हे ध्यानातही येत नाही.

विमा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'बीम' म्हणजे भय. शब्दाच्या मुळाशीच भीती बसलेली असल्यामुळे त्याचे नाव घेताना आजींना कसेसेच झाले तर त्यांना हसण्याचे कारण नाही. मात्र या भयाचे मोल ठरवणारी माणसे आपल्या देशात फार जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याजाचे दर दिले आहेत. शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हे धर्म्य व्याज, व्यापारासाठी पाच, अरण्यातून जाणाऱ्यांना दहा, आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. याज्ञवल्क्यस्मृतीतही अरण्यासाठी दहा आणि समुद्रासाठी वीस हेच आकडे आहेत. नाव व्याजाचे असले तरी त्यात वाघाची, चोराची आणि वादळाची किंमत धरलेली आहे हे उघड दिसते. पुढे आपल्या व्यापाऱ्यांनी जोखमी हुंडी काढली. माल सुखरूप पोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे. तारू बुडाले की हुंडीही बुडाली. 'जोखीम' या शब्दाला जो एक भारदस्तपणा आहे तो त्या व्यवहारांतून आला असावा असे मला वाटते.

विलायतेत रेल्वे नवी होती तेव्हा, १८४९ साली, लंडनच्या 'रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युरन्स कंपनी'ने प्रवासाच्या अपघाताचा विमा तिकिटासारखा विकायला सुरुवात केली. तिसऱ्या वर्गाच्या उतारूने एक पेनी द्यावी, दोनशे पौंडांचा विमा मिळे. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्सांत पाचशे. पहिल्या वर्गाला तीन पेन्सांत हजार. माणसाचा प्राण कोणत्या डब्यातून चालला आहे त्यावर त्याची किंमत ठरावी, हा त्या काळाचा न्याय झाला. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कौटिल्याच्या कोष्टकात अरण्य आहे, समुद्र आहे. लंडनच्या खिडकीवर डब्याचा वर्ग आहे. दोन्ही ठिकाणी प्रवाशाचे वय नाही. रूळ उखडला तर तो म्हाताऱ्याला आणि तरुणाला सारखाच उखडणार होता. धोका वाटेत होता, आणि वाट सर्वांची एकच होती.

आज हे कोष्टक बदलले आहे. समुद्राची भीती संपली. विमान हे प्रवासाचे अतिशय सुरक्षित साधन ठरले. वाटेतला धोका जसजसा कमी झाला तसतसा प्रवासी स्वतःबरोबर जो धोका घेऊन जातो तोच उरला. आपला रक्तदाब, आपले हृदय, आपले गुडघे, आपली साखर. आता विमा मोजतो तो मुख्यतः प्रवाशाला. स्थळाचा दर अजिबात गेला नाही. आपल्याकडच्या कंपन्या बहुधा दोन दर सांगतात, अमेरिका-कॅनडा धरून आणि ते वगळून. कौटिल्याचा समुद्र आता अटलांटिकच्या पलीकडच्या इस्पितळात आहे म्हणायचे. पण खरी चढण लागते ती वयाची. साठ, सत्तर, ऐंशी अशा पायऱ्या येतात, प्रत्येक पायरीवर हप्ता वाढतो, आणि जो हप्ता वाढतो त्याच्याच मोबदल्यात मिळणारे संरक्षण कित्येकदा कमी होत जाते.

अर्ज आज पडद्यावर भरतात. बहुधा मुलगा भरतो, नाहीतर एजंट. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा क्रमांक, जाण्याची आणि येण्याची तारीख, इथवर काही अडत नाही. मग तो रकाना येतो : पूर्वीपासून काही आजार आहेत काय? असल्यास तपशील द्यावा.

या रकान्यापाशी आमच्या पिढीतली भली भली माणसे थबकतात. माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आयुष्यभर त्यांनी मुलांना खरे बोलण्याचे धडे दिले, आणि ते मनापासून दिले. रक्तदाबाची गोळी ते कित्येक वर्षे घेत आहेत. या रकान्यात त्यांनी 'नाही' असे सांगितले. मी छेडले तेव्हा म्हणाले, "गोळी घेतो म्हणून दाब ताब्यात आहे. ताब्यात आहे म्हणजे आजार नाही." तर्कशास्त्राच्या शिक्षकाने या उत्तराला निम्मे गुण दिले असते. मग थोडे थांबून ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि अर्ज चिरंजीव भरत होते. त्यांना गोळीचं ठाऊक नाही."

सगळे काही या दुसऱ्या वाक्यात आहे. कंपनीला फसवण्याचा त्यांचा विचार नव्हताच. त्यांना आपल्या मुलाला ते सांगायचे नव्हते, आणि रकाना मधे आला.

आईबापांनी आपले दुखणे मुलांपासून लपवणे हा आपल्याकडे गुण समजला जातो. "शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही हो!" असे आपण मागाहून किती कौतुकाने सांगतो! त्यात माया आहे हे खरेच. परमुलखात राबणाऱ्या पोराच्या जिवाला घोर कशाला लावायचा, ही भावना खोटी नाही. पण तीत आणखीही काही मिसळलेले असते. सांगितले तर तिकीट रद्द होईल, नातवाला पाहायचे राहून जाईल, ही धास्ती असते. काल-परवापर्यंत ज्याला आपण डॉक्टरकडे नेत होतो तो आता आपल्याला नेऊ लागेल, सून त्याला काहीतरी हळूच सांगेल, आपल्याविषयी आपल्या माघारी बोलणे होईल, हा अपमान सोसवत नाही. मुलेही काही कमी नसतात. नोकरी गेल्याचे, घरात पटत नसल्याचे ती तिकडून कळू देत नाहीत. सातासमुद्रांपलीकडून दर रविवारी दोन्हीकडची खुशाली कळवली जाते आणि दोन्ही खुशाल्या अर्ध्यामुर्ध्या असतात. हा परस्परांचा समजूतदारपणा वर्षानुवर्षे निभतो, कारण त्याची परीक्षा होत नाही. विम्याचा अर्ज ही ती परीक्षा. त्या रकान्यात मायेला जागा नाही. तिथे एक तर खरे लिहावे लागते किंवा खोटे.

पुष्कळांचे समाधान असे असते की, कंपनी मोठी आहे, तिला शंभर वकील आहेत, तिच्यापाशी थोडे झाकले तर काय बिघडले? व्यवहारात आपण हे ऐकून घेतो. पण विमा कंपनीची तिजोरी म्हणजे कोणाची तिजोरी? तीत तिच्या भागधारकांचा नफा आहे, तसाच तुमच्या-माझ्यासारख्या हजारो प्रवाशांनी भरलेला हप्ताही आहे. आषाढीला दिंडीत चालणारे वारकरी आपापली भिशी भरतात आणि सर्वांचे जेवण एकत्र होते. ज्याचे पाय सुजतात त्याला दिंडीच्या गाडीत बसवतात. तिथे फसवायला गेले तर समोर ओळखीचा चेहरा दिसतो. विम्यात तो दिसत नाही एवढाच फरक. आणि सुखरूप परत आल्यावर "हप्त्याचे पैसे फुकट गेले" असे जे आपण म्हणतो ते तर मला मुळीच समजत नाही. ते कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या उशाशी उपयोगी पडले असतील.

मात्र कंपनी फसली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी मुलगा फसतो, हे निश्चित आहे. त्याने पैसे भरले, त्याला वाटले की आपण आईवडिलांची तरतूद केली. रात्री दोन वाजता इस्पितळाच्या काउंटरवर तो उभा राहतो, कागद पुढे करतो, आणि पलीकडून विचारणा होते, "रुग्ण पूर्वीपासून काही औषधे घेत होते का?" त्या रकान्यातल्या 'नाही'चे खरे ऐकणारे माणूस हे असते.

बायकांची गोष्ट आणखी निराळी. पतिराज आपला अर्ज सांगून संपवतात आणि पत्नीचाही तेच सांगतात : नाही, नाही, नाही. यात लपवाछपवी नसते. तिला चढताना धाप लागते हे घरात सर्वांना ठाऊक असते, पण तिची तपासणी कधी कुणी केलेली नसते. नवऱ्याची कागदपत्रे एका जाड फाइलमध्ये असतात; तिच्या नावाची फाइलच नसते. जिला कधी तपासलेच नाही ती बाई कागदावर ठणठणीत असते. कायद्याच्या दृष्टीने ज्ञात नसलेले न सांगणे हे लपवणे नव्हे, त्यामुळे तिचा अर्ज निर्दोषही ठरेल. पण एखाद्या घरात प्रवासाच्या निमित्ताने का होईना, आजींचे रक्त पहिल्यांदा तपासले गेले, तर त्या विम्याचा निम्मा उपयोग विमानात बसण्यापूर्वीच झाला असे मी म्हणेन.

खरे सांगण्याचे हे बंधन कायद्यात कसे रुजले त्याची कथा मोठी रंजक आहे. सुमात्रा बेटावर बेंकुलेन येथे इंग्रज कंपनीचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. तो युरोपियन शत्रूच्या हाती पडेल या भीतीने तिथल्या गव्हर्नराने त्याचा लंडनमध्ये विमा उतरवला. १७६० साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमेकरी म्हणाला, तटबंदी कच्ची होती हे आम्हाला सांगितले नव्हते. १७६६ साली निकाल देताना लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी जे तत्त्व मांडले ते आजवर विम्याच्या कायद्याचा पाया मानले जाते. धोक्याच्या विशेष गोष्टी बहुधा विमा उतरवणाऱ्यालाच ठाऊक असतात, दुसरा पक्ष त्याच्या शब्दावर विसंबतो, म्हणून त्याने काही दडवता कामा नये. गंमत अशी की, हे तत्त्व सांगून न्यायमूर्तींनी निकाल दिला तो गव्हर्नराच्या बाजूने! किल्ला कसा आहे, फ्रेंचांचा रोख कुठे आहे, हे विमेकऱ्याला स्वतः जाणून घेता येण्यासारखे होते. न विचारता त्याने हप्ता घेतला आणि संकट आल्यावर तो अज्ञानाचा आव आणू लागला.

आपले शरीर म्हणजे सत्तरी उलटल्यावर एक मार्लबरोचा किल्लाच असतो. तटबंदी कुठे ढासळली आहे ते आतल्याला माहीत असते. पण बाहेरच्यानेही डोळे उघडे ठेवून पाहावे, एवढी अपेक्षा अडीच शतकांपासून आहे. ब्रिटनमध्ये तर २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरचे आपण होऊन सारे सांगण्याचे ओझे काढून टाकले; विचारलेल्या प्रश्नांची काळजीपूर्वक आणि खरी उत्तरे द्यावीत, एवढेच ठेवले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही असेच एक प्रकरण आले होते. २००९ साली एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. त्यांनी परदेशप्रवासाचा वैद्यकीय विमा घेतला. मधुमेह असल्याचे त्यांनी सांगितले होते आणि कंपनीच्या वतीने त्यांची वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रक्तवाहिन्यांत स्टेंट घालावे लागले. कंपनीने दावा नाकारला. कारण काय, तर ते कोलेस्टेरॉलसाठी घेत असलेली गोळी त्यांनी अर्जात सांगितली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कंपनीचे म्हणणे उचलून धरले. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी तो निर्णय फिरवला. मधुमेह ठाऊक असताना, तपासणी करून, कंपनीने विमा दिला. अचानक येणाऱ्या दुखण्यासाठीच तर तो घेतला होता. आता मागे वळून त्याच प्रकृतीचे निमित्त पुढे करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

हा निकाल वाचून समाधान वाटते, पण मी तारखांकडे पाहत राहतो. २००९ आणि २०२१. बारा वर्षे! तरुणाला बारा वर्षांनी मिळालेला न्याय हा उशिरा मिळालेला न्याय असतो. पंचाहत्तरीच्या माणसाच्या बाबतीत तो वारसांना मिळालेला न्याय असण्याचा संभव अधिक. म्हणून, "कोर्टात शेवटी आपलाच जय होतो" असे कुणी सांगू लागला तर मी त्याला एवढेच म्हणतो की, कोलेस्टेरॉलच्या गोळीचे नाव अर्जात लिहायला अर्धा मिनिट लागतो. न्यायाची वाट पाहण्याची ऐपत वयाबरोबर घटत जाते आणि खरे बोलणे हे अशा वेळी नीतीपेक्षाही वेळेची बचत ठरते.

आता दुसऱ्या बाजूचा प्रश्न. म्हाताऱ्याकडून जास्त पैसे घेणे हा न्याय आहे काय? प्रश्न भावनेचा वाटतो, पण युरोपात त्याच्या जवळपासचा प्रश्न न्यायालयात गेला होता. १ मार्च २०११ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवले की, स्त्री आणि पुरुष यांना विम्याचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. २१ डिसेंबर २०१२ पासून तो नियम लागू झाला. स्त्रिया अधिक जगतात, तरुण पुरुष मोटारी अधिक बेफाम हाकतात, हे आकड्यांनी दाखवता येत असतानाही न्यायालयाने समानता श्रेष्ठ मानली. मग वयाच्या बाबतीत आकडे का चालतात? याचे एक उत्तर मला पटते. स्त्रीचा पुरुष होत नाही, पण तरुणाचा म्हातारा होतो. जो आज स्वस्तात विमा घेतो तोच उद्या महाग घेणार; आयुष्याच्या एकंदर हिशेबात कोणी कोणाला लुबाडले नाही. हे उत्तर गणिताला धरून आहे. त्यात खोट एवढीच की, आमच्या पिढीने तिशीत स्वस्तातला प्रवास-विमा घेतलाच नव्हता, कारण तिशीत आम्ही फार तर महाबळेश्वरला गेलो. स्वस्ताईचे वर्ष आमच्या वाट्याला आले नाही, महागाईचे तेवढे आले.

आणि कधी कधी तर जास्त पैसे देऊनही विमा मिळत नाही. असे का, हा प्रश्न जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात विचारला होता. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच कामासाठी. निबंध जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यात पासष्टीच्या पुढच्या माणसांना आरोग्यविमा मिळणे किती अवघड असते त्याचे उदाहरण आहे. धोका जास्त तर हप्ता वाढवा आणि विमा द्या, असे का होत नाही? त्याचे स्पष्टीकरण थोडक्यात असे : हप्ता वाढला की धडधाकट म्हातारे म्हणतात, "आम्हाला काय करायचाय?" आणि बाजूला होतात. राहतात ते, ज्यांना आपल्याला तो लागणारच अशी खात्री असते. त्यामुळे खर्च वाढतो, हप्ता पुन्हा वाढवावा लागतो, आणखी काही जण गळतात, आणि अखेर तो विमा विकणेच परवडत नाही. मोडक्या मोटारीच्या रांगेत आपल्याला बसवल्याचा राग बाजूला ठेवला तर यातून एक विलक्षण गोष्ट दिसते. धडधाकट म्हातारा जेव्हा "मला काय होतंय?" म्हणून विमा टाळतो तेव्हा तो शेजारच्या आजारी म्हाताऱ्याचा विमा महाग करीत असतो. आणि आजारी म्हातारा जेव्हा आजार दडवतो तेव्हा कंपनी सगळ्याच म्हाताऱ्यांकडे संशयाने पाहू लागते. भारतात विमा नियामकाने २०२४ साली कंपन्यांना सर्व वयोगटांसाठी आरोग्यविमा उपलब्ध ठेवण्यास सांगितले, ते योग्यच झाले. पण या परस्परसंबंधावर सरकारी आदेशाचा इलाज अर्धाच चालतो.

विम्याविरुद्ध एक आक्षेप मात्र असा आहे की, तो सहज बाजूला सारता येत नाही, कारण तो गांधीजींचा आहे. १९०२ च्या सुमारास मुंबईत एका अमेरिकन विमा एजंटाच्या बोलण्याने त्यांनी दहा हजार रुपयांची आयुष्याची पॉलिसी घेतली. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या मनाने उलट खाल्ली. आपण बायकामुलांचे स्वावलंबन हिरावून घेतले, जगातल्या असंख्य गरिबांच्या कुटुंबांचे काय होते, ईश्वरावरचा आपला विश्वास कुठे गेला, असे त्यांना वाटले आणि त्यांनी ती पॉलिसी बंद पडू दिली. आत्मकथेत हे सारे त्यांनी लिहिले आहे. आमच्या आजींच्या "देव बघून घेईल" या वाक्याला इतका मोठा आधार आहे!

मी या आक्षेपावर पुष्कळ दिवस विचार केला. मला वाटते, तो आयुष्याच्या विम्याला लागू पडो वा न पडो, प्रवासातल्या दुखण्याच्या विम्याला पडत नाही. गांधीजींच्या मनात होते ते आपल्या मागे राहणारे धन. इथे प्रश्न आहे मागे राहणाऱ्या कर्जाचा. अमेरिकेत १९८६ पासून असा कायदा आहे की, तातडीच्या अवस्थेत आलेल्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करण्यास बहुतेक इस्पितळे बांधलेली आहेत. त्याच्यापाशी पैसे आहेत की नाहीत हे पाहून त्याला दारातून परत पाठवता येत नाही. फार चांगला कायदा आहे. पण तो बिल माफ करीत नाही. पाहुण्या आईबापांना तिथल्या सरकारी वृद्धांच्या विम्यात जागा नाही. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला तरी साधारणतः पाच वर्षे राहिल्यावाचून तो विकतही घेता येत नाही. तेव्हा देव बघून घेईल याचा तिथे अर्थ होतो, मुलगा बघून घेईल. आणि त्यालाही झेपले नाही तर इस्पितळ तो खर्च इतर रुग्णांवर वाटून टाकील. हा भरवसा देवावरचा राहत नाही, न विचारता दुसऱ्याच्या खिशावर टाकलेला भार होतो, आणि स्वतःच्या खर्चाची पै-पै लिहून ठेवणाऱ्या गांधीजींना तो रुचला असता असे मला वाटत नाही.

विमा निवडायचा कसा, हे सांगण्याचा अधिकार एजंटांचा. तरी काही गोष्टी नैतिक प्रश्नापासून वेगळ्या काढता येत नाहीत. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी निदान तीस हजार युरोंचा विमा लागतो. पुष्कळ जण तेवढ्याचाच सर्वांत स्वस्त कागद घेतात, कारण त्यांना व्हिसा हवा असतो, विमा नको असतो. कागदाचे तोंड वकिलातीकडे असते, इस्पितळाकडे नाही. उलट काही पॉलिसींवर मोठा आकडा ठळक छापलेला असतो आणि आत साठी उलटलेल्यांसाठी खोलीचे इतके, शस्त्रक्रियेचे इतके, अशा छोट्या मर्यादा घातलेल्या असतात. पूर्वीचा आजार एकाएकी बळावला तर त्यासाठीची रक्कम कित्येकदा निराळी आणि फार थोडी असते. काही पॉलिसींत सत्तरीनंतर ती आणखी आकुंचते, ऐंशीनंतर नाहीशी होते. पहिले किती डॉलर आपण स्वतः भरायचे, इस्पितळाला पैसे कंपनी परस्पर देणार की आधी मुलाने भरून मागाहून मागायचे, हेही त्याच बारीक अक्षरांत असते. आमच्या वयाच्या माणसाला हे वाचवत नाही ही खरी अडचण. मला तर वाटते, म्हाताऱ्यांना विकायचे विमापत्र मोठ्या टाइपात छापावे आणि ठळक आकडा बारीक छापावा.

माझी एक साधी कसोटी आहे. पॉलिसी हाती घेतली की, आपण बेशुद्ध आहोत असे समजावे आणि मग तो कागद वाचावा. म्हणजे तो आपल्यासाठी नाही हे लगेच कळते. तो सुनेसाठी आहे, जावयासाठी आहे, कुणाला फोन करायचा हे न कळलेल्या, परक्या भाषेत बोलणाऱ्या एका घाबरलेल्या माणसासाठी आहे. त्याला तो मदतीचा क्रमांक सापडेल का? आपण कोणती औषधे घेतो हे त्याला ठाऊक असेल का? कित्येक घरांत या प्रश्नाचे उत्तर हप्ता भरूनही 'नाही' असे येते, आणि त्याला कंपनीचा इलाज नाही. मुख्याध्यापकांनी पुढे आपला अर्ज दुरुस्त केला. त्यासाठी चिरंजीवांना जो फोन करावा लागला तो, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, हप्त्याच्या वाढीव रकमेपेक्षा महागात पडला. चिरंजीव अर्धा तास रागावले आणि मग स्वतःच्या कोलेस्टेरॉलविषयी बोलू लागले.

एका कलमाविषयी घरात कुणी बोलत नाही. ते बहुतेक सर्व पॉलिसींत असते : प्रवासात मृत्यू आल्यास देह मायदेशी आणण्याचा किंवा तिथेच अंत्यविधी करण्याचा खर्च. आमच्या ओळखीच्या, ऐंशीच्या घरातल्या एक बाई लेकीकडे टोरांटोला निघाल्या होत्या. एजंट घरी आला होता. कोवळा मुलगा, ते पान त्याने चटकन उलटले. बाईंनी त्याला थांबवले, पान परत मागे घ्यायला लावले, चष्मा लावला आणि कलम सावकाश दोनदा वाचले. मग विचारले, "देह आणायचा नसेल, तिथंच अग्नी दिला, तर नुसत्या अस्थी आणायचा खर्च यात बसतो का रे?" मुलगा गोरामोरा झाला. कार्यालयात विचारून सांगतो म्हणाला. "विचार," बाई म्हणाल्या, "आणि काय सांगतील ते लिहून आण. लेकीला मी हे तोंडानं सांगणार नाही. कागद वर ठेवते बॅगेत, तिच्या हाती लागेल असा." मग त्यांनी मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली आणि नावे एकेक अक्षर सुटे करून सांगायला सुरुवात केली.